वाचकांचे प्रश्न: एक्सएमएलच्या रूपांतराची सूत्रे कोणाच्या हाती द्यावीत?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या वतीने आम्ही काही जण मिळून जुन्या दिवाळी अंकांतील आणि स्थानिक स्मरणिकांतील लेख टंकलिखित करून एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराच्या भागांना नावांच्या खुणा (टॅग) लावण्याच्या पद्धतीत, साठवत आहोत. गावांची नावे, कन्नड उद्गार, तळटीपा आणि ओव्या यांना वेगवेगळे टॅग दिले आहेत. वेबसाइटसाठी त्याचे एचटीएमएल करण्याकरिता मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. तो चालतो, पण वाक्यात गावाचे नाव आले की त्याच्या पुढचा मजकूर पुष्कळदा गळून पडतो. शिवाय प्रत्येक नव्या लेखात टॅगांची काही निराळीच गुंफण निघते आणि प्रोग्राममध्ये आणखी एक ‘जर-तर’ घालावे लागते. कोल्हापूरला नोकरीला असलेला माझा भाचा म्हणतो, की हे काम एक्सएसएलटी या एक्सएमएलच्या रूपांतरासाठीच्या भाषेचे आहे, पायथनचा नाद सोड. सगळे पुन्हा लिहून काढण्याइतका फरक खरोखर पडतो का?

उत्तर : आपल्या कामापुरते बोलायचे तर फरक पडतो, आणि तो बराच पडतो. मात्र आपल्या भाच्याने निष्कर्ष बरोबर काढला असला, तरी त्यामागचे कारण पायथन आणि एक्सएसएलटी या दोन भाषांमधील सरसनिरसतेत शोधू नये. खरा प्रश्न असा आहे, की रूपांतर चालू असताना पुढे काय करायचे हे कोणी ठरवायचे: प्रोग्रामने की दस्तऐवजाने? क्रमवार आज्ञांच्या पद्धतीत सूत्रे प्रोग्रामच्या हाती असतात. आधी शीर्षक काढ, मग लेखकाचे नाव काढ, मग एकेक परिच्छेद घे, असा मार्ग आपण आधीच आखून दिलेला असतो आणि दस्तऐवज त्या मार्गावर असेल असे गृहीत धरलेले असते. एक्सएसएलटीच्या, म्हणजे टेम्प्लेटच्या (एकेका टॅगसाठी लिहिलेल्या नियमाच्या) पद्धतीत आपण मार्ग आखतच नाही. गावाचे नाव भेटले तर काय करायचे, ओवी भेटली तर काय करायचे, एवढेच सांगून ठेवतो. ते कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या पोटात भेटेल हे दस्तऐवज वाचताना जसे निघेल तसे निघते.

आपल्या संग्रहात सापडेल असे एक वाक्य घेऊ: ‘चिकोडीच्या बाजारात भेटलेल्या पाहुण्याला “ऊट आय्ता?” असे विचारल्यावाचून आजी पुढे सरकत नसे.’ यात ‘चिकोडी’ला गावाचा टॅग आहे आणि ‘ऊट आय्ता?’ला कन्नडचा. माणसाच्या दृष्टीने हे एक अखंड वाक्य आहे, पण एक्सएमएलच्या दृष्टीने परिच्छेदाच्या पोटात चार मुले (थेट आतले भाग) आहेत: गाव, नुसता मजकूर, कन्नड उद्गार आणि पुन्हा नुसता मजकूर, शिवाय सुरुवातीचे अवतरणचिन्ह किंवा मोकळी जागा टॅगच्या बाहेर राहिली असेल तर तीही. आता आपण पायथनमधील एलिमेंटट्री हे नेहमीचे ग्रंथालय (तयार फंक्शनांचा संच) वापरत असाल (वर्णनावरून तसेच दिसते), तर त्याची रचना समजून घ्यायला हवी. त्यात मजकुराला स्वतंत्र नोड, म्हणजे स्वतःची वेगळी जागा, नसते. टॅगच्या आतला पहिला मजकूर त्या घटकाच्या (टॅग आणि त्याच्या आतले सारे मिळून एक घटक) ‘टेक्स्ट’मध्ये असतो, आणि टॅग बंद झाल्यानंतरचा मजकूर परिच्छेदाकडे न राहता त्याच घटकाच्या ‘टेल’मध्ये, म्हणजे शेपटीत, ठेवलेला असतो. म्हणून ‘च्या बाजारात भेटलेल्या पाहुण्याला’ हे शब्द परिच्छेदात शोधून मिळणार नाहीत. ते ‘चिकोडी’च्या शेपटीला बांधलेले आहेत. आपला प्रोग्राम गावाचे नाव उचलतो, त्याची लिंक करतो आणि शेपटी मागेच सोडून देतो. प्रत्येक घटक हाताळून झाल्यावर त्याची शेपटी न चुकता बाहेर लिहिली, की पहिली अडचण आजच संपेल. त्यासाठी भाषा बदलण्याची गरज नाही.

दुसरी अडचण मात्र अशी एका ओळीने मिटणारी नाही. तळटीपेत गावाचे नाव येते, त्या गावाच्या नावाशेजारी कन्नड उद्गार येतो, ओवीच्या एखाद्या चरणावर पुन्हा तळटीप असते. लेख लिहिणाऱ्याने लिहिताना आपल्या प्रोग्रामचा विचार केलेला नव्हता, आणि तो त्याने करावा अशी अपेक्षाही नाही. अशा मिश्र मजकुरात शक्य असलेल्या गुंफणी आधी मोजून ठेवता येत नाहीत, त्यामुळे क्रमवार प्रोग्राम नव्या लेखागणिक वाढत राहणारच. एक्सएसएलटी नेमकी याच कामासाठी घडवलेली आहे. तिची मुळे दस्तऐवजांच्या जगात आहेत: १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या एसजीएमएल या एक्सएमएलच्या पूर्वजाच्या दस्तऐवजांना रूप देण्यासाठी १९९६ मध्ये डीएसएसएसएल नावाचे मानक आले, एक्सएमएल १९९८ मध्ये आले, आणि १६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचे संपादन जेम्स क्लार्क यांनी केले होते, आणि डीएसएसएसएल चालवणारे ‘जेड’ हे इंजिनही त्यांनीच लिहिलेले होते.

या भाषेतील सर्वांत मोलाची गोष्ट न लिहिलेल्या नियमांत आहे. ज्या घटकासाठी आपण टेम्प्लेट दिलेले नाही, त्यासाठी अंगभूत नियम लागू होतात: घटक असेल तर त्याच्या आत शिरावे आणि मुलांवर पुन्हा टेम्प्लेटे लावावीत, मजकूर असेल तर तो जसाच्या तसा बाहेर द्यावा. याचा परिणाम असा, की आपण एकही टेम्प्लेट न लिहिता रूपांतर चालवले तरी सगळा मजकूर बाहेर येतो, फक्त त्यावरची खुणांची सजावट नसते. मग गावासाठी एक टेम्प्लेट लिहावे: लिंक उघडावी, ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ (आतल्या मुलांना त्यांची टेम्प्लेटे लाव) म्हणावे, लिंक बंद करावी. कन्नडसाठी दुसरे लिहावे, आणि त्यात भाषेचा ॲट्रिब्यूट (टॅगमध्येच लिहायची जादा माहिती) अवश्य द्यावा, म्हणजे ब्राउझर योग्य फॉन्ट निवडील आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो भाग मराठी समजून वाचणार नाही. गाव तळटीपेत आले काय आणि ओवीत आले काय, त्याचे टेम्प्लेट तेच राहते. नवी गुंफण निघाली म्हणून काहीही नव्याने लिहावे लागत नाही. नवा टॅग निघाला तरच लिहावे लागते.

त्याच घटकाला जागेनुसार वेगळे रूप हवे असेल तर तेही सहज साधते. स्वतंत्र छापलेली ओवी मध्यभागी यावी, पण परिच्छेदाच्या आत उद्धृत केलेली ओवी ओळीतच राहावी, असे समजा. तर ‘ओवी’साठी एक टेम्प्लेट आणि ‘परिच्छेदातील ओवी’साठी दुसरे लिहावे. परिच्छेदातील ओवीला दोन्ही लागू पडतात, पण नुसते टॅगचे नाव देणाऱ्या टेम्प्लेटला शून्य अग्रक्रम असतो आणि कोणाच्या आतला टॅग हा मार्गही देणाऱ्या टेम्प्लेटला ०.५, म्हणून अधिक नेमके असलेले टेम्प्लेट आपोआप जिंकते. तळटीपांसाठी ‘मोड’, म्हणजे त्याच घटकासाठी टेम्प्लेटांचा निराळा संच, वापरावा: मजकुराच्या मोडमध्ये तळटीपेचा फक्त क्रमांक उमटतो, आणि लेखाच्या शेवटी त्याच तळटीपा दुसऱ्या मोडमध्ये पुन्हा फिरवून त्यांचा पूर्ण मजकूर छापता येतो.

आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ‘इम्पोर्ट’ची, म्हणजे एका फाइलीतील टेम्प्लेटे दुसरीत आयात करण्याची, सोय. कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ रोजी बारा शहरांची नावे बदलली आणि कागदोपत्री बेळगावचे ‘बेळगावी’ झाले. आपल्या लेखांत मात्र मूळ लेखकाने लिहिलेले ‘बेळगाव’ जसेच्या तसे राहायला हवे; जुन्या मजकुरात हात घालणे हा संग्रहाशी केलेला अन्याय होईल. उद्या हेच लेख कन्नड वाचकांसाठी सूचीसह उपलब्ध करून द्यायचे ठरले, तर सूचीत गावांची कन्नड रूपे लागतील. यासाठी प्रत्येक गावाच्या टॅगला एक स्थिर ओळखखूण द्यावी आणि त्या खुणेपुढे गावाची सर्व रूपे लिहिलेली वेगळी एक्सएमएल यादी ठेवावी. मग सामाईक टेम्प्लेटांची एक फाइल करावी. मराठी आणि कन्नड आवृत्त्यांच्या फाइलींनी ती इम्पोर्ट करावी, आणि जेवढे वेगळे हवे तेवढेच टेम्प्लेट स्वतःकडे लिहावे. इम्पोर्ट करणाऱ्या फाइलीतील टेम्प्लेट इम्पोर्ट केलेल्या टेम्प्लेटवर नेहमी मात करते. दोन भाषांच्या आवृत्त्यांमधला फरक अशा रीतीने दोन-तीन टेम्प्लेटांत मावतो आणि तो कोठे आहे हे शोधत बसावे लागत नाही. क्रमवार प्रोग्राममध्ये हाच फरक ‘भाषा कन्नड असेल तर’ अशा अटींच्या रूपाने सगळीकडे विखुरला जातो.

या पद्धतीला तिचे दोषही आहेत आणि ते आधी माहीत असावेत. अंगभूत नियम मजकूर गळू देत नाहीत, त्याचप्रमाणे नको असलेला मजकूरही अडवत नाहीत. लेखाच्या माथ्यावर आपण टंकलेखकाची टिपणे किंवा स्कॅनचा तपशील ठेवला असेल, तर तो वेबपानावर अनाहूतपणे उमटेल. त्या घटकासाठी रिकामे टेम्प्लेट लिहून तो बंद करावा लागतो. सारख्याच अग्रक्रमाची दोन टेम्प्लेटे एकाच घटकाला लागू पडली, तर पहिल्या आवृत्तीतील इंजिनाला ती चूक म्हणून दाखवण्याची किंवा फाइलीत शेवटी आलेले टेम्प्लेट निवडण्याची मुभा आहे, त्यामुळे परिणाम पाहून गोंधळ उडू शकतो. आणि फाइल वरून खाली वाचून प्रोग्राम कसा चालेल हे कळण्याची जी सवय आपल्याला असते, ती येथे उपयोगी पडत नाही. कोणते टेम्प्लेट केव्हा चालले हे पाहण्यासाठी सुरुवातीला मधूनमधून संदेश छापून घ्यावेत.

एक इशारा मात्र मी जोर देऊन देतो. पायथनमधून एक्सएसएलटीकडे येणारे पुष्कळ जण मुळाच्या घटकासाठी एकच भलेमोठे टेम्प्लेट लिहितात, त्यात ‘फॉर-ईच’च्या (एकेक घटक क्रमाने घेण्याच्या आज्ञेच्या) आत ‘फॉर-ईच’ घालतात आणि प्रत्येक ठिकाणी ‘व्हॅल्यू-ऑफ’ने (नुसता मजकूर काढण्याच्या आज्ञेने) मजकूर ओढून घेतात. ही जुनीच क्रमवार पद्धत नव्या आणि अधिक शब्दबंबाळ भाषेत लिहिणे झाले. त्यातच ‘व्हॅल्यू-ऑफ’ने परिच्छेद घेतला, की आतल्या गावाच्या आणि कन्नडच्या खुणा पुसल्या जाऊन नुसती अक्षरे उरतात. असे लिहायचे असेल तर पायथनच बरी.

उलटपक्षी, टेम्प्लेटचा विचार पायथनमध्येही आणता येतो. टॅगचे नाव आणि त्यासाठीचे फंक्शन अशा जोड्यांचा एक कोश करावा, प्रत्येक फंक्शनने स्वतःचे काम करून मुलांसाठी पुन्हा त्याच कोशाकडे जावे, आणि नाव न सापडल्यास आत शिरून मजकूर व शेपटी बाहेर द्यावी. आपल्या गटात एक्सएसएलटी शिकायला कोणीच तयार नसेल, तर हा मार्ग पूर्णपणे मान्य आहे. पण अग्रक्रम, मोड आणि इम्पोर्ट यांची गरज पडू लागली, की आपण एक्सएसएलटीच पुन्हा घडवत बसलो आहोत असे लक्षात येईल. तेव्हा तयार भाषा शिकून घेणे शहाणपणाचे. वाचनालयांच्या जगात ती परकीही नाही: कोहा या मुक्त ग्रंथालय-प्रणालीत वाचकांना दिसणारी पुस्तकांची नोंद एक्सएसएलटीनेच सजवली जाते. पायथनमधील एलएक्सएमएल या ग्रंथालयातून पहिल्या आवृत्तीची एक्सएसएलटी थेट चालवता येते. दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीतील सोयी हव्या असतील तर सॅक्सन हे इंजिन घ्यावे, त्याची मोफत आवृत्ती आपल्या कामाला पुरेल. रूपांतर मात्र आपल्या संगणकावर करून तयार एचटीएमएलच वेबसाइटवर चढवावे. ब्राउझरांमध्ये पहिल्या आवृत्तीच्या पुढचा आधार कधी आलाच नाही, आणि आहे तोही काढून टाकण्याच्या दिशेने क्रोमने पावले उचलली आहेत.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी हिशेबाचे काम पाहतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून वर्षभराच्या व्हाउचरांची एक्सएमएल फाइल काढून, प्रत्येक ग्राहकाचा खातेउतारा दर नोंदीपुढील चालू शिल्लकेसह करायचा आहे. फाइल फार मोठी आहे, आणि ‘अवैध चिन्ह’ असे म्हणून ती कधीकधी उघडतच नाही. एक्सएसएलटीत व्हेरिएबलची किंमत वाढवता येत नाही असे दिसले, मग चालू बेरीज कशी ठेवायची?

उत्तर : आपले काम खानापूरच्या वाचकांच्या कामापेक्षा अगदी निराळ्या जातीचे आहे. आपल्याकडे सगळी व्हाउचरे एकाच साच्याची आहेत, दिनांक कोठे आणि रक्कम कोठे हे आधीच माहीत आहे, मिश्र मजकूर नाही, आणि खरे काम मांडणीचे नसून गणिताचे आहे. येथे सूत्रे प्रोग्रामच्याच हाती असावीत. आपण पायथन किंवा आपल्याला येत असलेली अशी कोणतीही भाषा निःशंकपणे वापरावी.

अवैध चिन्हाची अडचण दोन्ही पद्धतींच्या अलीकडची आहे. एक्सएमएलच्या १.० आवृत्तीत टॅब, नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न ही तीन सोडून ३२ च्या खालच्या क्रमांकाचे कोणतेही नियंत्रण-चिन्ह चालत नाही, ते संकेताच्या, म्हणजे चिन्हाऐवजी त्याच्या क्रमांकाच्या, रूपात लिहिलेले असले तरीही. काही हिशेबी सॉफ्टवेअर स्वतःच्या अंतर्गत खुणांसाठी अशी चिन्हे फाइलीत सोडतात, आणि मग नियमाने चालणारे प्रत्येक पार्सर (एक्सएमएल वाचून उलगडणारे सॉफ्टवेअर) ती फाइल नाकारते. म्हणून आधी फाइल साधा मजकूर म्हणून वाचून अशी चिन्हे व त्यांचे संकेत काढून टाकावेत, आणि त्यानंतरच पार्सरकडे द्यावी. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी जपून ठेवावी.

मोठी फाइल पूर्ण झाडाच्या (एकाच्या पोटात दुसरा अशा घटकांच्या) रूपात स्मृतीत उभी केली, तर ती मूळ आकाराच्या कितीतरी पट जागा घेते. एक्सएसएलटीचे नेहमीचे इंजिनही असे झाड उभारूनच काम करते. तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१७ पासून, प्रवाही वाचनाची तरतूद आली, पण सॅक्सनमध्ये ती विकत घेण्याच्या आवृत्तीतच मिळते. पायथनच्या ‘इटरपार्स’ने एकेक व्हाउचर पूर्ण होताच त्यातून हवे ते उचलावे आणि तो घटक लगेच रिकामा करून मूळ घटकातूनही काढून टाकावा, मग फाइल कितीही वाढली तरी संगणक अडखळणार नाही.

व्हेरिएबलबद्दल आपण पाहिले ते खरे आहे. एक्सएसएलटीत व्हेरिएबलला एकदा दिलेली किंमत बदलत नाही, कारण टेम्प्लेटे कोणत्या क्रमाने चालवायची याचे स्वातंत्र्य इंजिनाला दिलेले आहे, आणि क्रमच निश्चित नसेल तर ‘आधीच्या किमतीत भर घाल’ या आज्ञेला अर्थ उरत नाही. दर नोंदीशी तिच्या आधीच्या सर्व नोंदींची बेरीज पुन्हा पुन्हा मागण्याचा उपाय काही ठिकाणी सुचवला जातो. तो बरोबर उत्तर देतो, परंतु नोंदी दुप्पट झाल्या की काम चौपट होते, आणि वर्षभराच्या खात्यासाठी ते परवडणारे नाही. तिसऱ्या आवृत्तीतील ‘इटरेट’ आणि ‘ॲक्युम्युलेटर’ यांनी ही उणीव भरून काढली आहे. तरीही आधीच्या शिल्लकेत रक्कम मिळवण्याची एक ओळ जेथे सरळ लिहिता येते, तेथे ती तशीच लिहावी असे माझे स्पष्ट मत आहे.

उताऱ्यात रकमा लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी छापायच्या असतील तर दोन्हीकडे लक्ष द्यावे लागते. पायथनची साधी स्वल्पविरामाची सोय हजारांच्या गटांनी चालते, म्हणून १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ छापले जाईल. भारतीय लोकेल (देशानुसार आकडे-तारखा लिहिण्याची पद्धत) निवडले तर ते ठीक होते. एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीत आकड्याच्या नमुन्यातील शेवटच्या स्वल्पविरामापुढील अंतरच सगळीकडे लावले जाते. दुसऱ्या आवृत्तीपासून असे असमान अंतरांचे स्वल्पविराम नमुन्यात जेथे दिले तेथेच येतात.

प्रश्न : निपाणी परिसरातील बोलीशब्दांची सूची मी एक्सएमएलमध्ये केली आहे. क्रम लावल्यावर ‘काळ’ हा शब्द ‘काव’ आणि ‘काशी’ यांच्या आधी येतो. पायथनमध्येही तेच झाले. कोणत्या पद्धतीने क्रम बरोबर लागेल?

उत्तर : येथे पद्धतीचा दोष नाही. दोन्हीकडे अक्षरांचा क्रम युनिकोडमधील क्रमांकांवरून लावला जात आहे, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून आपल्याला ‘काव’, ‘काशी’, ‘काळ’ असा क्रम हवा आहे. त्यासाठी इंजिनाला मराठीचा क्रम स्पष्टपणे सांगावा लागतो. एक्सएसएलटीत ‘सॉर्ट’च्या आज्ञेवर भाषा किंवा कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) देण्याची जागा असते, पण दिलेली भाषा प्रत्येक इंजिन पाळतेच असे नाही, म्हणून हे तीन शब्द देऊन आधी चाचणी घ्यावी. पायथनमध्ये आयसीयू या युनिकोडच्या ग्रंथालयाचे मराठी कोलेशन वापरावे. तेही जमत नसेल, तर प्रत्येक नोंदीला क्रमासाठीचा वेगळा ॲट्रिब्यूट जोडावा, त्यात प्रत्येक अक्षराच्या जागी मराठी वर्णमालेतील त्याचा दोन अंकी क्रमांक लिहावा, आणि क्रम शब्दावरून न लावता त्या ॲट्रिब्यूटवरून लावावा. मग कोणत्याही इंजिनात आणि कोणत्याही पद्धतीत उत्तर एकच येईल.